शिडाची सहल संकष्टीला धरावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की सुट्टीच्या पुरवण्यांत कोकण येतेच. अलीकडे त्यात शिडाच्या होडीचीही भर पडली आहे. चार जणांची लहान होडी, निळे पाणी, समोर किल्ला आणि संध्याकाळी माशांचे जेवण. चित्र खोटे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकणकिनाऱ्यावर अशी सहल खरोखर निवांत होते. पण पुण्यात बसून तिची आखणी ज्या क्रमाने होते, त्या क्रमाने ती निवांत होणे कठीण. आधी शुक्रवारची रजा, मग हॉटेल, मग ‘या बंदरापासून त्या बंदरापर्यंत’ असे अंतर, आणि समुद्राचे तिथे गेल्यावर बघू. हा क्रम उलटा करावा लागतो. आधी तिथी, मग वाऱ्याच्या वेळा, मग त्या वेळांत बसेल तेवढेच अंतर. रजेचा अर्ज सगळ्यात शेवटी.

तिथी हा शब्द गमतीने वापरलेला नाही. आपल्या अंकात पंचांगाच्या ओळीत ती रोज छापली जाते आणि किनाऱ्यावरची माणसे तिच्यावरूनच भरती सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसात दोन भरत्या येतात, एकीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. त्यामुळे दुपारी तीनची भरती म्हणजे पहाटे अडीचच्या सुमारासही एक होऊन गेलेली असते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे पाणी सर्वांत खाली. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरावा. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवण-देवगडला ती मुंबईच्या आधी येते. नेमकी वेळ आणि उंची डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतून घ्यावी. पण कोणता आठवडा निवडायचा हे ठरवायला पाऊणपट पुरते.

आता ही वेळ वाऱ्याच्या घड्याळाशी जुळवू. हिवाळ्यात कोकणकिनाऱ्यावर वाऱ्याचा दिनक्रम बहुतेक दिवस ठरलेला असतो. रात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, पाच ते आठ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), पाणी सपाट. दहा-अकराला तो पडतो आणि तास-दीड तास शिडे नुसती लोंबत राहतात. बाराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. तो वायव्येकडून येतो, तीन-चारच्या सुमारास बारा ते पंधरा नॉटपर्यंत चढतो आणि सूर्यास्ताबरोबर उतरतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे तोच वारा दुपारी अठरा-वीसपर्यंत जातो. हौशी माणसाने त्याच्या आत सहल उरकावी.

म्हणजे खाडीतून निघायचे सकाळी सातला, ओहोटीबरोबर. पुढच्या बंदरात शिरायचे दुपारी दीड-दोनला, भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. हे दोन्ही एकाच दिवशी कधी जमते? पूर्ण भरती दुपारी सव्वादोन ते पावणेचार असेल तेव्हा, म्हणजे तृतीया, चतुर्थी आणि पंचमीला. संकष्टी मधोमध येते. पहाटे भरती होऊन गेलेली असते, सातला पाणी खाडीबाहेर ओढत असते, नऊच्या सुमारास सुकती, आणि दुपारी वारा व भरती दोघेही तुम्हाला आत ढकलतात. उपास असलेल्याला होडीवर चंद्रोदयाची वाट बघायला इतकी चांगली जागा दुसरी मिळणार नाही, हे आपले जाता जाता.

पौर्णिमेला ‘चांदण्यात नौकाविहार’ म्हणून निघणाऱ्यांचे नेमके उलटे होते. उधाणाची भरती सव्वाअकराला, त्यामुळे सकाळी निघताना पाणी अंगावर येते. दुपारी दोनला परतताना ओहोटी जोरात बाहेर धावत असते आणि तिच्यावर वायव्येचा वारा व लाटा समोरून आदळतात. खाडीच्या तोंडाशी लाट उभी राहते ती यामुळेच. बाहेर अर्ध्या मीटरची, कोणाच्या खिजगणतीत नसलेली लाट तिथे आखूड आणि उंच होऊन फुटते. अष्टमी-नवमीचे भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, त्यापेक्षा सौम्य, कारण पाण्याची चढउतार कमी. पण सुकती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे पोहोचण्याच्या वेळी तोंडावर पाणी सर्वांत कमी. भांगाचे दिवस खाडीच्या आत सराव करायला वापरावेत.

दिशेचेही असेच. दुपारचा वारा वायव्येचा, म्हणून सहल उत्तरेकडून दक्षिणेकडे करावी. तेव्हा तो पाठीवर किंवा बाजूवर मिळतो, होडी सरळ राहते, चहाचा पेला आडवा होत नाही. उत्तरेकडे परतताना त्याच वाऱ्यात नागमोडी जावे लागते. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत होडी चालली तरी अंतर १.४ पट होते. लाटांचा मार आणि वाऱ्याने बाजूला वाहत जाणे धरले की लहान होडीला ते जवळपास दुप्पट पडते. बारा मैलांची परतीची वाट दिवसभर संपत नाही आणि अंधार पडतो तो मासेमारीच्या जाळ्यांच्या मधोमध. परतायचेच असेल तर फक्त सकाळच्या मतलईत, नाहीतर होडी दक्षिणेच्या बंदरात ट्रेलरवर चढवून गाडीने घरी आणावी.

अंतर किती धरायचे? १८ ते २२ फुटांची, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी) वर ओढता येणारी होडी आणि तीन किंवा चार माणसे असे समजू. पाण्यातली लांबी १६ फूट असली तर तिचा कमाल वेग साधारण ५.४ नॉट निघतो: लांबीचे वर्गमूळ ४, गुणिले १.३४. हा आकडा मनात ठेवून लोक दिवसाला तीस मैल आखतात. प्रत्यक्षात मतलईत दोन-अडीच, मधल्या तासात शून्य आणि खाऱ्या वाऱ्यात चार-साडेचार, अशी सरासरी तीनच्या आसपास येते. तीन नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, सारसबागेत भरभर फेऱ्या मारणाऱ्याचा वेग. सात ते दोन या सात तासांतले एक-दोन वाऱ्याविना गेले धरा, पोहोचताना हाताशी थोडा उजेड आणि थोडे पाणी शिल्लक हवे. दिवसाला १० ते १२ सागरी मैल, त्यावर नाही.

या मापात चपखल बसणारा पहिला टप्पा विजयदुर्ग ते देवगड, सुमारे ११ मैल. दोन्ही बंदरे हौशी माणसाच्या चुका पोटात घालणारी आहेत. विजयदुर्गच्या वाघोटन खाडीचे तोंड खोल आहे, तिथे वाळूचा बांध नाही. देवगडचे बंदर जमिनीने वेढलेले असल्याने आत पाणी शांत असते. पहिला दिवस विजयदुर्गच्या खाडीतच घालवावा: शीड चढवा-उतरवा, तीनदा नांगर टाका आणि काढा, इंजिन पाऊण तास सलग चालवा. आंग्र्यांचे आरमार याच पाण्यात नांगरत होते, तेव्हा जागा वाईट नाही. दुसऱ्या दिवशी सातला निघून किल्ला डावीकडे ठेवत वळसा घालायचा, पण लांबून; फोटोसाठी तटाखाली जाऊ नये, पायथ्याशी खडक आहेत. साडेदहापर्यंत आठेक मैल होतात. वारा पडला की जेवून घ्यावे. बाराला खारा वारा आला की सव्वा-दीडपर्यंत देवगड. तिसरा दिवस राखीव. तो वापरला गेला नाही तर देवगडात मुक्काम वाढला, एवढेच नुकसान.

देवगडहून पुढे मालवणचा मोह सर्वांना होतो. ते अंतर वीसेक मैलांचे आहे, मध्ये आचऱ्याच्या खाडीचे तोंड उथळ, आणि मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडकांची रांगोळी. उजेडात, नकाशा हातात घेऊन आणि स्थानिक माणूस सोबत असेल तरच तिथे शिरावे. किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली जाहीर झालेले सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर नांगर टाकू नये हे वेगळे सांगायला नको. बाणकोट आणि दाभोळ पुण्याहून जवळ म्हणून अनेकांच्या यादीत वर असतात. पण दोन्ही खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध आहेत आणि पावसाळ्यात ते जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा मोबाइलमधला मार्ग यंदा खरा असेलच असे नाही. अशा तोंडाशी आल्यावर बाहेर थांबून दहा मिनिटे घड्याळ लावून लाटा बघाव्यात. दहा मिनिटांत एकदा जरी पूर्ण रुंदीभर लाट फुटली तरी आत जायचे नाही. एखादा मचवा आत जाताना दिसला तर त्याच्या मागे जाणे सर्वांत सोपे, मात्र त्याचे इंजिन तुमच्या दहापट ताकदीचे आहे हे विसरू नये.

अंदाज वाचण्याबद्दल. पुणेकराला वेधशाळेची थट्टा करायची जुनी सवय आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, शिवाजीनगरच्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि छत्री नेऊ की नको हा प्रश्न तेव्हापासूनचा. पण मच्छीमारांसाठीचा इशारा ही वेगळी गोष्ट आहे. तो असेल तर निघू नये, त्यात चर्चा नाही. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा अंदाज पाहावा. त्यात लाटेची जी उंची दिलेली असते ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. एक मीटर असेल तर लहान होडीने निघावे, सव्वा असेल तर खाडीत राहावे, दीड असेल तर किनाऱ्यावर बसून मासे खावेत. लाटा कुठून येतात हेही वाचावे. हिवाळ्यात पर्शियन आखाताकडे शमाल वारे सुटले की इथे वारा फारसा नसतानाही वायव्येकडून दोन-तीन दिवस समुद्र उसळलेला राहतो. एप्रिल-मे महिन्यांत दूर दक्षिणेच्या महासागरातून लांब लाटा येतात. पाणी बघायला शांत वाटते आणि वाळूच्या बांधावर ती लाट अचानक उभी राहते. चक्रीवादळांचे म्हणाल तर ती फक्त पावसाळ्याच्या तोंडाशी येतात हा गैरसमज. निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले हे सर्वांना आठवते, पण क्यार ऑक्टोबरअखेर होते (२०१९) आणि ओखी डिसेंबरमध्ये (२०१७). दिवाळीची सहल आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रात्रीची झोप नांगरावर अवलंबून असते आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे जरा सविस्तर. २२ फुटी होडीला साडेसात किलोचा नांगर, त्याला ५ ते ६ मीटर साखळी, पुढे १२ मिलिमीटर जाडीचा ४० मीटर नायलॉन दोर. साखळीचे काम वजनाने नांगराचा दांडा आडवा ठेवणे. दांडा आडवा असेल तरच फाळ चिखलात रुततो, वर उचलला गेला की नांगर निसटतो. म्हणून दोर खोलीच्या किमान पाचपट सोडायचा. चूक होते ती खोली मोजण्यात. समजा नांगर सुकतीला टाकला आणि पाणी ३ मीटर आहे. पाच त्रिक पंधरा, म्हणून १५ मीटर दोर सोडून माणसे झोपी जातात. रात्री भरतीने पाणी २ मीटर चढते. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर वर, म्हणजे तळापासून नाळेपर्यंत आता ६ मीटर झाले आणि १५ मीटर दोर त्याच्या जेमतेम अडीचपट. मध्यरात्रीनंतर होडी चालू लागते. बरोबर हिशेब असा: ३ अधिक २ अधिक १, एकूण ६, गुणिले ५ म्हणजे ३० मीटर. मुंबईकडे उधाणाची चढउतार ४ मीटरच्या वर जाते, देवगड-मालवणकडे दोनेक मीटर. उत्तरेला शिकलेल्याने दक्षिणेत आणि दक्षिणेला शिकलेल्याने उत्तरेत जुना आकडा नेऊ नये.

दोर सोडल्यावर इंजिन मागे टाकून तो हळूहळू ताणावा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धराव्यात, उदाहरणार्थ माडाचे खोड आणि मागच्या देवळाचा कळस. पाच मिनिटांनी माड कळसावरून सरकलेला नसेल तर नांगर धरला. मोबाइलचा नांगर-गजरही चालतो, पण रात्री दोनला चार्जिंग संपलेले असते. दोराचे शेवटचे टोक होडीला बांधले आहे ना हे आधी बघावे. न बांधल्यामुळे आख्खा दोर नांगरासकट पाण्यात जाताना पाहणे हा या छंदातला नेहमीचा प्रसंग आहे. साखळी आणि नांगर जोडणाऱ्या शॅकलच्या (लोखंडी कडीच्या) पिनेला तारेचा वेढा द्यावा, नाहीतर होडीच्या झोक्यांनी ती उलगडत जाते. खाडीच्या चिखलात रुंद फाळांचा डॅनफोर्थ चांगला धरतो, खडकाळ तळावर तो अडकून बसतो. तिथे मच्छीमार वापरतात तसा चार आकड्यांचा लोखंडी नांगर बरा. रात्रभर एक पांढरा दिवा सर्व बाजूंनी दिसेल असा उंच टांगावा. पहाटे तीनला मासेमारीला निघणाऱ्या बोटींना तुमची होडी दिसली पाहिजे.

जाळ्यांबद्दल पुरवण्यांत कधीच काही नसते. किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात थर्माकोलचे तुकडे, प्लॅस्टिकचे डबे आणि बांबूवर काळे फडके दिसते. ते जाळ्याचे टोक. दुसरे टोक अर्धा मैल लांब असू शकते. दोन बोयांच्या मधून सरळ जाण्याऐवजी टोकाला वळसा घालावा. अंदाज चुकलाच तर इंजिन बंद करून वर उचलावे, सेंटरबोर्ड वर ओढावे आणि शिडाच्या गतीवर जाळ्यावरून घसरत जावे. पंखा फिरता असेल तर दोर वेढला जातो आणि जाळे कापावे लागते, आणि ते कोणाच्या तरी पोटाचे साधन असते. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढत असतील तर त्या वेळी तिथे नांगर टाकू नये. शीड असले म्हणजे सर्वांनी वाट द्यावी ही समजूतही चुकीची: सागरी वाहतुकीच्या नियमांनुसार मासेमारीत गुंतलेल्या बोटीला शिडाच्या होडीनेच वाट द्यायची असते. आदल्या संध्याकाळी जेटीवर एखाद्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, ‘काका, उद्या सकाळी जाळी कुठे लागतील?’ एवढे विचारले तर सगळा नकाशा तोंडी मिळतो.

इंजिन पाच-सहा हॉर्सपॉवरचे पुरे. पेट्रोल जाताना एक भाग, येताना एक आणि राखीव एक, असे तीन भाग करून न्यावे. सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडले तर कार्ब्युरेटर उघडायच्या आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघावा. वाहतुकीत सांडू नये म्हणून तो घट्ट केलेला असतो आणि उघडायचा राहतो. टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल ओढले जात नाही. दुसरे कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्या जाळीतून आत येते तिच्यावर चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी. मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार येते की नाही हे दर थोड्या वेळाने पाहावे. धार थांबली की इंजिन लगेच बंद. सोबत एक स्पार्क प्लग, दोन शिअर पिना, सुरू करायची दोरी आणि प्लगपाना. मुक्कामानंतर इंजिन गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवावे, नाहीतर आतले मीठ पुढच्या सहलीपर्यंत दगड होते.

सर्वांत मोठा धोका मात्र होडी पाण्यात पडण्याआधी असतो. जेटीवर ट्रेलर उभा करून डोलकाठी तिथेच चढवतात आणि मग होडी उतारापर्यंत ढकलत नेतात. वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिला ताणून धरणाऱ्या तारा स्टीलच्या, पाय ओल्या काँक्रीटवर. वर बघून, दोन्ही बाजूंचे खांब हेरून मगच डोलकाठी उभारावी. खाडीवरच्या पुलांना आणि तारांनाही हेच लागू. आणि उंची मोजायची ती भरतीच्या पाण्यापासून.

पुण्याहून ट्रेलर नेणाऱ्यांसाठी आणखी एक. कोल्हापूर करून गगनबावड्याच्या बाजूने उतरताना चाकांचे हब चांगलेच तापतात. उतरल्या उतरल्या ट्रेलर पाण्यात लोटला की तापलेला हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत शोषले जाते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. परतीच्या घाटात बेअरिंग जाम होते. हबवर हात ठेवता येईपर्यंत थांबावे, तासभर लागला तरी. आणि घरी आल्यावर ग्रीस बदलावे. होडी उतरवायची ती भरती अर्धी झाल्यावर. सुकतीला उताराचे खालचे टोक शेवाळाने गुळगुळीत असते आणि काँक्रीट संपून चाक खड्ड्यात पडते. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी सातला शीड चढवण्याचा बेत तर करूच नये. ट्रेलरसह हा आठ-नऊ तासांचा रस्ता आहे आणि जागरणाने समुद्र हमखास लागतो. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री घ्यावी. निघताना घेतली तर उपयोगाआधी उलटी होते.

धरणाच्या पाण्यावर शिकलेल्यांना शीड हाताळणे चांगले येते, किंबहुना डोंगरांमधल्या लहरी वाऱ्याने त्यांचे हात तयार असतात. पण तिथे वारा वाढला की काठ दहा मिनिटांवर असतो. समुद्रावर शीड आधीच आखडावे. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला की वारा बारा नॉटच्या पुढे गेला. तेव्हा मोठ्या शिडाची पहिली रीफ घेतलेली, म्हणजे शिडाचा खालचा पट्टा गुंडाळून बांधलेला असावा. वारा पाठीवर असताना बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, अचानक एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरते आणि डोके फुटते. नवख्यांसोबत असाल तर मोठे शीड उतरवून नुसत्या पुढच्या शिडावर जा. अर्धा नॉट कमी, सगळ्यांची डोकी शाबूत.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, आणि एका दिवसाचे जादा. ते एकाच पिंपात नको, फुटले तर सगळे जाते. दशम्या, मेतकूट, सातूचे पीठ, कोकम आगळ, केळी. शिजवायचे ते नांगरावर. गॅसचे सिलिंडर होडीच्या पोटात ठेवू नये, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की तळाशी साचून राहतो. पाण्यात उतरताना जुने बूट घालावेत. खडकांवरची कालवं पाय कापतात आणि हवेची डिंगीही फाडतात. वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत न्यावेत, म्हणजे पाकट असेल तर बाजूला होते.

जीवरक्षक जाकीट अंगात हवे, बाकाखाली नाही, आणि त्याला शिटी बांधलेली हवी. निघण्यापूर्वी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात होडीचा रंग, माणसांची संख्या, पुढचा मुक्काम आणि पोहोचण्याची वेळ कागदावर लिहून द्यावी. तोच कागद पुण्यात घरी एका माणसाकडे. ठरल्या वेळेनंतर तीन तासांत फोन आला नाही तर त्याने तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवायचे. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३. कड्याखाली मोबाइलची रेंज जाते, म्हणून पोहोचल्यावर आधी फोन, मग आंघोळ. व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संच असेल तर परवाना घ्यावा आणि वाहिनी १६ वर ठेवावा. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन मात्र नेऊ नये, सहल पोलीस ठाण्यात संपेल.

या पत्राचे निमित्त एक विनंती आहे. पावसाळ्यात आपल्या पहिल्या पानावर खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या पाणीसाठ्याची चौकट असते. नोव्हेंबरनंतर त्या आकड्यांत रोज वाचण्याजोगे काही घडत नाही. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत दर गुरुवारी तेवढ्याच जागेत दिघी, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि मालवण येथील पुढच्या चार दिवसांच्या भरती-सुकतीच्या वेळा, पाण्याची उंची आणि लाटांचा अंदाज छापता येईल. शुक्रवारी नको, शुक्रवारी सकाळी अंक हातात पडेपर्यंत गाड्या कात्रजच्या बोगद्यापलीकडे गेलेल्या असतात. तिथी आपण छापताच.

आपले,
शिडाच्या होड्यांचे काही हौशी वाचक
कर्वेनगर, पुणे